तापलेला डबा आणि चुकलेली ठिणगी

आमच्या एका सहकाऱ्यांची मोटार काही महिन्यांपूर्वी संध्याकाळच्या वेळी घाट चढताना गचके देऊ लागली. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकत होता. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडले, तर इंजिनाजवळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा डबा अंधारात मंद लाल दिसत होता. गॅरेजमध्ये निदान चटकन झाले. ‘कन्व्हर्टर गेला, बदलावा लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून सहकारी आमच्याकडे आले. डबा तापला होता हे खरेच. पण तो बिघडला म्हणून तापला होता का? मोटार बनवणाऱ्यांनाही या प्रश्नाचे नीट उत्तर शोधायला वीस वर्षे लागली.

कन्व्हर्टरची कल्पना यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याची. उत्प्रेरक वापरून खनिज तेलापासून पेट्रोल बनवण्याची त्याची पद्धत १९३०च्या दशकात अमेरिकेत यशस्वी झाली होती. लॉस एंजेलिस शहरावर धुरके दाटू लागले तेव्हा त्याने मोटारीच्या धुराकडे लक्ष वळवले आणि १९५६ साली कन्व्हर्टरचे पेटंट मिळवले. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे. शिशाचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होई. त्यामुळे हा शोध जवळजवळ वीस वर्षे पडून राहिला. १९७० साली अमेरिकेतला हवाशुद्धीचा कायदा कडक झाला, शिसेविरहित पेट्रोल आले, आणि १९७५च्या मॉडेलांपासून तिथल्या बहुतेक नव्या मोटारींना हे डबे लागले.

डब्यात असते काय? चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचे मधमाशांच्या पोळ्यासारखे जाळे, त्यावर ॲल्युमिनाचा सच्छिद्र थर, आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम यांचे अतिसूक्ष्म कण. (सुरुवातीच्या काही डब्यांत जाळ्याऐवजी गोळ्या भरलेल्या असत.) इंजिनातून न जळता आलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड इथे ऑक्सिजनशी संयोग पावतात. ही क्रिया उष्णतादायी असते, आणि सगळी गोम इथेच आहे.

हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. एक मोल कार्बन मोनॉक्साइड जळला की सुमारे २८३ किलोजूल उष्णता मिळते. धुरात तो १ टक्का असेल तर एक मोल धुरामागे २.८३ किलोजूल. एक मोल धूर १ अंशाने तापायला साधारण ३२ जूल लागतात. म्हणजे तापमान जवळजवळ ९० अंशांनी वाढेल. आता चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरची ठिणगी पडेनाशी झाली असे समजा. त्याच्या वाट्याचे पेट्रोल आणि हवा दोन्ही जशीच्या तशी डब्यात येतात आणि तिथे जळतात. एकूण इंधनाचा चौथा हिस्सा! हाच हिशेब पुढे नेला तर तापमानातली वाढ ५०० अंशांहून अधिक येते. एरवी ४०० ते ८०० अंशांत काम करणारा डबा अशाने हजारापलीकडे जातो. मग प्लॅटिनमचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, ॲल्युमिनाची छिद्रे मिटतात, आणि तापमान १४०० अंशांच्या पुढे गेले तर जाळेच वितळू लागते.

अशी गाडी वाळलेल्या गवतावर उभी केली तर गवत पेट घेई. १९७०च्या दशकात जपानी कारखान्यांनी डब्यात तापमानाचा संवेदक बसवून त्याची तार डॅशबोर्डवरच्या एका दिव्याला जोडली. ठरावीक तापमान ओलांडले की दिवा लागे. उपाय सरळ होता, पण अपुरा. ‘डबा तापला’ एवढेच दिवा सांगे. का तापला ते नाही. शिवाय संवेदक स्वतः त्याच आगीत बसलेला. तार तुटे, जोड गंजे, आणि दिवा खोटेच काही सांगे. म्हणून जाणता मेकॅनिक आधी ताप खरा आहे का ते बघे, आणि त्यासाठी डब्याच्या आधीच्या व नंतरच्या नळीचे तापमान मोजे. नंतरची नळी थोडी जास्त गरम असेल तर ठीक. फारच गरम असेल तर इंजिनाकडून न जळलेले इंधन येते आहे. नंतरची थंड असेल तर उत्प्रेरक मेलेला. शिशाने मारलेला डबा तापत नाही, थंडच राहतो. १९९५च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, पण देशभर शिसेविरहित पेट्रोल यायला २००० साल उजाडले. मधल्या काळात बाहेरगावी शिसेयुक्त पेट्रोल भरणाऱ्यांनी आपले डबे असेच थंड केले.

अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून सक्तीच्या झालेल्या निदानपद्धतीत प्रश्नच उलटा मांडला गेला. तापाऐवजी तापाचे कारण मोजायचे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर दातेरी चाक असते. चुंबकीय संवेदकापुढून प्रत्येक दात जायला किती वेळ लागला ते संगणक नोंदवतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्यांतली एक चुकली की चाक कणभर मंदावते, आणि कुठल्या सिलिंडरची पाळी चुकली तेही कळते. आपले मेकॅनिक कानाने ऐकून ‘गाडी मिसिंग मारतेय’ म्हणतात, तेच हे. फक्त दर दहा मिलिसेकंदांना. चुकांचे प्रमाण कन्व्हर्टर जाळण्याइतके झाले की दिवा लुकलुकतो. इतर दोषांना नुसता लागून राहतो. आमच्या मते ही फार हुशारीची योजना आहे, आणि बहुतेक चालकांना ती कोणी सांगितलेली नसते.

सहकाऱ्यांच्या गाडीत साठलेला संकेत होता पी-०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर. आम्ही गॅरेजवाल्यांना विनंती केली की तिसऱ्याची इग्निशन कॉइल काढून दुसऱ्यावर लावा, दुसऱ्याची तिसऱ्यावर. इंजिन पाच मिनिटे चालवले. संकेत बदलून पी-०३०२ झाला. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता. कॉइल न बदलता नवा कन्व्हर्टर बसवला असता तर पुढच्या घाटात तोही लाल झाला असता.

नवी कॉइल लागली. डब्यानंतरच्या ऑक्सिजन संवेदकाचे वाचन जवळजवळ सपाट आले, म्हणजे उत्प्रेरक अजून काम करत होता. जुना डबा गाडीत तसाच ठेवला आहे.