लखनौचा लोड

लखनौच्या नखास बाजारात रविवारी गेलात तर आधी पिंजऱ्यातले पोपट आणि कबुतरं दिसतात. त्यांच्यापलीकडे जुन्या वस्तूंचे ढीग लागतात. झुंबरातून निखळलेले काचेचे लोलक नगावर विकायला मांडलेले असतात. काटे गळालेलं भिंतीवरचं घड्याळ असतं, आतल्या चुन्या-काताच्या डब्या हरवलेलं पानदान असतं, हातावरची वेलबुट्टी झिजलेली विलायती वळणाची खुर्ची असते. मुंबई-दिल्लीची घर सजवणारी मंडळी इथूनच आरसे आणि समया नेतात. या ढिगांत एक वस्तू मात्र दिसत नाही, ती म्हणजे गावतकिया. आपल्याकडचा लोड.

आणि गंमत अशी, की आज जिला ‘लखनवी सजावट’ म्हणतात ती उभी असते नेमकी त्याच्याच जोरावर. रुंद तख्त, त्यावर पांढरीशुभ्र चादर, चिकनकारीचे अभ्रे घातलेले दोन-तीन लोड, बाजूला काळवंडलेलं चांदीचं तबक, भिंतीवर पारा उडालेला आरसा. सगळं थोडं झिजलेलं, थोडं ऐटीतलं. आरसा बदला, तबक काढा, फारसं बिघडत नाही. लोड उचलला की मात्र ते तख्त नुसतं लाकडी बाकडं होतं.

नावातला ‘गाव’ खेड्यातला नाही. फारसीत गाव म्हणजे बैल, आणि काही शब्दांआधी तो ‘भलामोठा’ या अर्थाने लागतो. तकिया आपण ‘तक्क्या’ करून घेतला, गोल गिर्द्याची ‘गिरदी’ केली. अभ्रा आणि अस्तर हे दोन्ही शब्दही फारसीतून शिंप्याच्या हातून आपल्या घरात आले. पण या कुळातला सगळ्यात वजनदार शब्द मसनद. अरबीतलं त्याचं मूळ ‘टेकणं, आधार घेणं’ या अर्थाचं, आणि त्याच मुळातून आपली ‘सनद’ही निघाली. कागदाचा आधार ती सनद, पाठीचा आधार ती मसनद. हिंदुस्थानातलं अठराव्या शतकाचं राजकारण बरंचसं या दोन आधारांभोवती फिरलं, असं म्हटलं तर चूक होणार नाही. मराठीला हे वेगळं सांगायला नको. आपण आजही साताऱ्याची ‘गादी’ म्हणतो, सिंहासन नव्हे. सर चार्ल्स मॅलेटने 1790 मध्ये पेशव्यांशी तह केला, त्या पुणे दरबाराचं थॉमस डॅनियलने रंगवलेलं मोठं चित्र आहे. त्यात सारी सत्ता जमिनीलगत, बिछायतीवर बसलेली आहे.

नवाब आसफउद्दौलाने 1775 मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली, तेव्हा तिथेही हीच बैठक होती. खाली सतरंजी, सतरंजीवर पांढरी चादर. तिला लखनौत ‘चांदनी’ म्हणतात. ती वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर कोरीव दगडी वजनं, म्हणजे मीर-फर्श. आणि मधोमध मसनद. टेकून बसायचा मान यजमानाचा किंवा ज्याला यजमान देईल त्याचा. बाकीच्यांनी गुडघे दुमडून बसायचं. म्हणजे आज ज्याला आपण ऐसपैस आराम समजतो, तो मुळात एका माणसाचा अधिकार होता.

लखनौत आलेल्या युरोपीय लोकांना हा अधिकार लगेच कळला. अँटनी पोलिए हा स्विस अभियंता. मिहरचंद या चित्रकाराने त्याला रंगवलंय ते लोडाला रेलून, हुक्का ओढत नाच पाहताना. त्याचा मित्र क्लॉड मार्टिन उलट वाटेने गेला. त्याने विलायतेहून आरसे, घड्याळं, झुंबरं मागवली आणि नवाबालाही त्यांची चटक लागली. म्हणजे साहेब जमिनीवर उतरला होता आणि नवाब खुर्चीकडे बघू लागला होता.

1819 मध्ये हे उघडच झालं. नवाब गाजीउद्दीन हैदरने इंग्रजांच्या प्रोत्साहनाने दिल्लीच्या बादशहाचं नाममात्र वर्चस्व झुगारून स्वतःला ‘बादशहा’ म्हणवून घेतलं. नवाबाला मसनद पुरत होती, बादशहाला सिंहासन हवं. मुकुट, झगे, आसनं यांचे आराखडे दरबारी चित्रकार रॉबर्ट होमने काढले. ती रेखाटनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मला हा प्रसंग थोडा केविलवाणा वाटतो. पाठीमागचा कापसाचा आधार सोडून ताठ पाठीच्या सोनेरी आसनावर बसलेल्या या घराण्याचं राज्य त्यानंतर जेमतेम 37 वर्षं टिकलं. फेब्रुवारी 1856 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केलं आणि तिथला बादशहा वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला.

मार्च 1858 मध्ये, सत्तावनचा उठाव मोडताना, इंग्रज फौजेने वाजिद अलीचा कैसरबाग राजवाडा लुटला, तेव्हा ‘टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल तिथे होता. शिपाई काच आणि चिनीमाती नुसत्या मस्तीत फोडत होते, आणि अंगणात शेकोटी करून जरीची वस्त्रं सोन्या-चांदीसाठी जाळत होते, असं त्याने लिहून ठेवलंय. जर जाळून चांदी काढणं आपल्यालाही ठाऊक आहे. आजीचा विरलेला शालू असाच गेलेला असतो. मसनदींचे जरदोजी अभ्रे जिथे जिथे हाती लागले, तिथे त्यांचंही याहून वेगळं काय झालं असणार? पण अभ्रा काढल्यावर उरतो तो कापूस, आणि लुटीत कापूस कोण नेतो?

लोडाची ही गोष्ट मला इथे सापडते. त्याला किंमत नव्हती, म्हणून तो राहिला.

पुढे इंग्रजांनी 1859 मध्ये तालुकदारांना, म्हणजे अवधच्या बड्या जमीनदारांना, सनदा दिल्या. सनद परत आली, फक्त देणारा बदलला. कैसरबागेतले वाडे त्यांच्या वाट्याला आले. दिवाणखान्यांत सोफे, पियानो, गव्हर्नर येईल तेव्हासाठी चांदीचा चहाचा संच. लोड आतल्या खोलीत, जनान्यात सरकला. चांदनी मात्र दोन ठिकाणी अंथरली जात राहिली. एक मोहरमच्या मजलिसीत, जिथे तिला ‘फर्श-ए-अजा’ म्हणतात. तिथे टेकायचं नसतं, लहान-मोठे सगळे एकाच पातळीवर बसतात. आणि दुसरी गाण्यात.

इथे आपली माणसं येतात. विष्णू नारायण भातखंडे यांनी राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली यांच्या साथीने 1926 मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय सुरू केलं. 1928 पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे प्राचार्य. तेच आजचं भातखंडे विश्वविद्यालय, आणि ते वाजिद अलीच्या परीखान्यात भरतं. नवाबाच्या नर्तकी जिथे शिकल्या, तिथे पुढे विद्यार्थी मराठी माणसाने घातलेली स्वरलिपी गिरवू लागले, आणि तेही जमिनीवर बसून. तानपुरा खुर्चीवर बसून छेडायची पद्धत नव्हतीच. मराठी घरात संगीताच्या मैफिलीला आपण ‘बैठक’च म्हणतो. लखनौची बैठक काही प्रमाणात अशीही तगली, हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी निर्मूलनाचा कायदा झाला, उत्पन्न आटलं, आणि हवेल्यांतून एकेक वस्तू मागच्या दाराने नखासकडे निघाली. आधी झुंबर, मग घड्याळ, मग खुर्च्या. फाळणीनंतर पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलेल्यांची मालमत्ता 1968 च्या शत्रू संपत्ती कायद्याखाली आली. महमूदाबादच्या राजघराण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 2005 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि 2017 च्या दुरुस्तीने पारडं पुन्हा फिरलं. कुलूपबंद कोठीत काय सजावट करणार?

याच काळात सिनेमाच्या पडद्यावर मात्र लखनौ नव्याने सजत होतं. ‘चौदहवीं का चाँद’ 1960 मध्ये आला, ‘मेरे महबूब’ 1963 मध्ये. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त (1977) संजीव कुमार आणि सईद जाफरी रेलून डाव मांडतात आणि बाहेर राज्य बुडतं. 1981 च्या ‘उमराव जान’चे मुजफ्फर अली तर कोटवाऱ्याच्या तालुकदार घराण्यातलेच. त्यांच्या पडद्यावरचे पडदे-गालिचे जरा जुने, जरा विटके दिसतात, कारण ज्याने ते खरे पाहिलेत त्याला नवे कोरे खपत नाहीत. आज हॉटेलवाले आणि सजावटकार जे विकतात, ती या सिनेमांची नक्कल आहे असं मी म्हणेन. नवाबाची नव्हे.

तरी लोड विकत कसा घ्यायचा हा प्रश्न उरतोच, कारण त्यात ‘जुनं’ असं काय असतं? अभ्रा दर सणाला बदलतो. कापूस दबून गठ्ठे झाले की थंडी लागायच्या आत धुनिया, आपला पिंजारी, येतो. तो उसवतो, धनुकलीवर पिंजतो, पुन्हा भरतो. पन्नास वर्षं घरात असलेल्या लोडाचं कापड नवं असतं आणि कापूस गेल्या नोव्हेंबरात पिंजलेला. जुनी असते ती फक्त त्याची तख्तावरची जागा.

नवीन घरांसाठी म्हणून हल्ली पॉलिएस्टरच्या तंतूंनी भरलेले तयार लोड मिळतात. हलके, धुता येणारे, वर यंत्राचं चिकन. तासभर टेकून उठलं तरी ते लगेच फुगून पूर्ववत होतात. कापसाच्या लोडात संध्याकाळपर्यंत खळगा राहतो, आणि घरातल्यांना तो बघून कळतं की दुपारी इथे मोठे अब्बा लवंडले होते.