नऊ क्रियापदांचे यंत्र

संगणकावरचा खेळ म्हटला की उड्या आणि मारामारी आठवते. पण संगणकावरचे साहसखेळ जन्मले ते शब्दांतून. सत्तरच्या दशकात पडद्यावर चित्र नसे. ‘दिवा घे’, ‘उत्तरेला जा’ अशा आज्ञा इंग्रजीत टंकायच्या. यंत्राच्या कोशात शब्द नसला की खेळ अडायचा. १९८४च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये चित्र आले, टंकणे मात्र सुटले नाही.

१९८७ साली कॅलिफोर्नियातील लुकासफिल्म गेम्सने ‘मॅनिएक मॅन्शन’ काढला. तो रचण्यासाठी रॉन गिल्बर्ट आणि अॅरिक विल्मंडर यांनी घरच्या घरी एक साधन घडवले. त्याचे नाव ‘स्कम’. पडद्याखाली क्रियापदांची यादी असे. आधी क्रियापदावर, मग वस्तूवर बोट ठेवायचे, की वाक्य पुरे. १९९०च्या ‘मंकी आयलंड’मध्ये बारा क्रियापदे होती, पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या भागात नऊच उरली: उघड, बंद कर, ढकल, ओढ, दे, उचल, बघ, बोल, वापर. एवढ्यावर अख्खे बेट उभे राहिले! माझ्यासारख्या कवीला याचे नवल वाटते. ही यादी मराठीत रचली असती, तर आधी वस्तू आणि मग क्रियापद आले असते. आपण ‘दार उघड’ म्हणतो, ‘उघड दार’ क्वचितच.

‘स्कम’ची खरी करामत वेगळीच होती. खेळाची संहिता एकीकडे आणि ती वाचणारे यंत्र दुसरीकडे. नवा संगणक आला की फक्त वाचणारा बदलायचा. १९९८ला कंपनीने ‘स्कम’ मागे टाकून दुसरे इंजिन घेतले. २०१३मध्ये डिस्नेने तिथले खेळ घडवणेही बंद केले. पण त्याआधीच, २००१ साली, लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडिश तरुणाने ‘स्कमव्हीएम’ नावाचा नवा वाचक लिहायला घेतला होता. तो सर्वांना मोफत आहे. जुने खेळ आज त्यावर चालतात. घर मोडले, गोष्ट वाचली.

आपल्या पुण्यातही खेळ घडतात. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२०मध्ये जगभर गेला. त्याचे इंजिन मात्र ‘अनरियल’, अमेरिकेच्या एपिक कंपनीचे. त्यात कमीपणा नाही. चूल दुसऱ्याची असली तरी स्वयंपाक आपला असू शकतो.

मला चिंता आहे ती दुसऱ्याच मजकुराची. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, तिच्या ‘जिस्ट’ कार्डाने संगणकावर देवनागरी उमटवली. १९९१मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाणही ठरले. तरी छपाईच्या कित्येक फाँटांनी आपापली सांकेतिक लिपी चालवली. त्यांतली फाईल आज त्या फाँटाविना उघडली, तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. पण मूळ फाईलच रद्दीत गेली, तर ती वाचणार काय? प्रकाशकांनी, लेखकांनी कपाटातल्या जुन्या फ्लॉपी आणि सीडी आधी बाहेर काढाव्यात. वाचणारा उद्याही घडवता येईल. संहिता मात्र आजच जपली पाहिजे.

(नभोवाणी-भाषणाचा संपादित अंश)