गनने न मोजलेला कार्बन

हातात धरून धातू ओळखणाऱ्या क्ष-किरण यंत्राविषयी, कारखान्यातल्या भाषेत ‘पीएमआय गन’विषयी, एक मत रूढ झाले आहे. यंत्र कॅलिब्रेट होऊन येते. घोडा दाबला आणि पडद्यावर ग्रेड उमटली की निकाल लागला. रीडिंग चुकलेच तर दोष यंत्राचा.

या मताचे बळ नाकारणे अन्यायाचे होईल. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ आणि ३१६ या ग्रेड डोळ्यांना सारख्याच दिसतात. ३१६ मधले दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम ही गन पाइप न कापता काही सेकंदांत दाखवते.

आता तिला ३०४ आणि ३०४ एल यांतला भेद विचारा. तो कार्बनचा आहे: साध्यात ०.०८ टक्क्यांपर्यंत, एलमध्ये ०.०३ पर्यंत. वेल्डिंगजवळचा गंज टाळण्यासाठीच एल घेतात. कार्बनचे क्ष-किरण जेमतेम ०.२८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, मधली हवा आणि खिडकी ओलांडून ते डिटेक्टरपर्यंत पोचतच नाहीत. मग पडद्यावर ‘एल’ उमटलाच तर तो आला कोठून? यंत्रात भरलेल्या ग्रेडच्या यादीतून. तो मोजलेला नाही. एमएस (माइल्ड स्टील) आणि ईएन ८ या पोलादांतला भेदही मुख्यतः कार्बनचाच, म्हणून तेथेही तेच.

सिलिकॉन अधिक फसवे, कारण ते दिसते. पण पोलादात त्याचे किरण वरच्या एक-दोन मायक्रॉनमधूनच सुटतात. वाळूचा मारा केलेल्या पाइपवर तेथे सिलिकॉनयुक्त वाळू रुतलेली असते. सिलिकॉन कार्बाइडच्या पॉलिश पेपरने घासले, तर पेपरच आकडा फुगवतो. टक्क्याच्या दशांशाची अशी चूक क्षुल्लक वाटते? कॅलिफोर्नियातल्या रिचमंड रिफायनरीत ६ ऑगस्ट २०१२ रोजी फुटून आग लागलेल्या पाइपच्या तुकड्यात सिलिकॉन अवघे ०.०१ टक्के होते. ०.१० टक्क्यांहून कमी सिलिकॉनचे साधे पोलाद गंधकयुक्त तप्त तेलात झपाट्याने झिजते. अशा तुकड्यावर वाळू मोजून ‘ठीक’ म्हणणारे रीडिंग काय कामाचे?

‘±’पुढचा आकडा लहान आहे, हे उत्तर येथे चालत नाही. तो केवळ मोजणीतली अनिश्चितता सांगतो. वेळ चौपट केला की तो निम्मा होतो, एवढेच. वाळूवर दोन मिनिटे गन धरली तर वाळूच अधिक नेमकी मोजली जाईल.

म्हणून आधी अ‍ॅल्युमिनाच्या पेपरने चकचकीत घासावे, त्याच जातीच्या प्रमाणित नमुन्यावर गन पडताळावी, मग घोडा दाबावा. कार्बनसाठी मात्र ठिणगीचा किंवा लेझरचा स्पेक्ट्रोमीटर वापरावा. त्याने धातूवर लहानसा डाग पडतो आणि गिऱ्हाइकाला तो नको असतो. एलची हमी हवी, पण डाग नको. वाचकहो, अशी हमी कोणत्या मोजणीच्या आधारावर द्यायची?