हॅगर्ड, सर हेन्री रायडर

(२२ जून १८५६ – १४ मे १९२५). इंग्रज साहसकादंबरीकार आणि शेतीविषयक लेखक. ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ (१८८५) आणि ‘शी’ (१८८७) या दोन कादंबऱ्यांवर त्याची कीर्ती उभी आहे. हरवलेले राज्य, जीर्ण नकाशा, गुहेतला खजिना आणि वाट दाखवणारा मुरब्बी शिकारी हा साचा इंग्रजी कादंबरीत त्याच्यामुळे रूढ झाला. त्याला स्वतःला मात्र आपले खरे काम शेती आणि सार्वजनिक सेवेचे आहे असे वाटे. ‘सर’ हा किताबही त्याला मिळाला तो याच कामासाठी, कादंबऱ्यांसाठी नव्हे.

जन्म इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यात, ब्रॅडनम येथे. दहा भावंडांत तो आठवा. वडील विल्यम हॅगर्ड हे जमीनदार व बॅरिस्टर, स्वभावाने तापट. आई एला हिचे वडील बॅझेट डव्हटन मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत होते. ती स्वतः कविता लिही. हेन्री घरात मंदबुद्धी समजला जाई. थोरल्या भावांना नामांकित शाळा लाभल्या, तर याची बोळवण इप्सविचच्या ग्रामर स्कूलमध्ये झाली. त्याआधी गार्सिंग्टनच्या एका पाद्र्याकडे तो शिकायला होता. तिथे क्वाटरमेन आडनावाचा एक शेतकरी त्याच्या ओळखीचा झाला. पुढे त्याने आपल्या नायकाला हेच आडनाव दिले. सैन्याच्या प्रवेशपरीक्षेत तो नापास झाला. परराष्ट्र खात्याच्या परीक्षेसाठी त्याला लंडनला शिकवणीला ठेवले, पण तिथे तो प्रेतात्म्यांशी बोलणाऱ्या मंडळींच्या बैठकांत रमला. परीक्षेला बसलाच नाही.

१८७५ मध्ये वडिलांनी ओळखीचा उपयोग करून त्याला दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत धाडले. तिथले नायब राज्यपाल सर हेन्री बुल्वर यांच्याकडे तो बिनपगारी मदतनीस होता. पुढच्याच वर्षी तो ब्रिटिश अधिकारी सर थिओफिलस शेपस्टन यांच्याबरोबर ट्रान्सव्हालला गेला. एप्रिल १८७७ मध्ये बोअर या डचवंशीय लोकांचे हे प्रजासत्ताक ब्रिटिशांनी खालसा केले. प्रिटोरियात जाहीरनामा वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा आवाज मध्येच बसला, तेव्हा कागद हातात घेऊन उरलेला मजकूर या विशीतल्या तरुणाने वाचला. २४ मे रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, तिथे ब्रिटिश निशाण चढवण्यातही त्याचा हात होता. १८७८ मध्ये तो तिथल्या उच्च न्यायालयाचा निबंधक झाला. शेपस्टन यांच्या पदरी उम्हलोपेकाझी नावाचा एक उंचापुरा स्वाझी योद्धा होता. परशूधारी उम्सलोपोगास हे हॅगर्डचे गाजलेले पात्र त्याच्यावरून आले. १८७९ च्या जानेवारीत इसांडल्वानाच्या लढाईत झुलू या आफ्रिकी लोकांनी ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला. तीत हॅगर्डचे काही स्नेही पडले. तरी झुलूंविषयीचा त्याचा आदर कमी झाला नाही.

याच काळात त्याला एक घाव बसला. इंग्लंडमधल्या लिली जॅक्सन या तरुणीशी त्याला लग्न करायचे होते. पोटापाण्याची सोय पक्की झाल्याशिवाय परत यायचे नाही, असे वडिलांनी बजावले. दरम्यान तिने एका बँकरशी लग्न केले. या बँकरने पुढे तिला वाऱ्यावर सोडले आणि तिच्या अखेरच्या दिवसांत तिची काळजी हॅगर्डनेच वाहिली. हाती न लागणाऱ्या स्त्रीची ओढ त्याच्या कादंबऱ्यांतून वारंवार येते, तिचे मूळ इथे शोधण्याची समीक्षकांची रीत आहे. ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही.

१८८० मध्ये नॉर्फकच्याच लुइसा मार्जिटसन हिच्याशी त्याचा विवाह झाला. नवराबायको नाताळमधील न्यूकॅसल गावाजवळ शहामृगांच्या शेतीवर राहायला गेले. आर्थर कॉक्रन हा मित्र भागीदार होता. पण बोअर उठले. फेब्रुवारी १८८१ मध्ये जवळच्याच माजुबा टेकडीवर ब्रिटिशांचा पराभव झाला. ट्रान्सव्हाल बोअरांना परत देण्याच्या वाटाघाटींसाठी आलेल्या शाही आयोगाने मुक्कामाला जागा भाड्याने घेतली ती नेमकी हॅगर्डचीच. ज्या राज्याच्या खालसापत्राला चार वर्षांपूर्वी त्याने आवाज दिला, ते सोडून देण्याच्या अटी त्याच्याच घरात ठरल्या. त्याच वर्षी तो इंग्लंडला परतला आणि कायद्याच्या अभ्यासाला लागला.

त्याचे पहिले पुस्तक (१८८२) झुलू राजा केचवायो आणि वसाहतीचे राजकारण यांवरचे. नंतरच्या दोन सामाजिक कादंबऱ्याही फारशा चालल्या नाहीत. मग स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या साहसकादंबरीवरून भावाशी बोलताना त्याने पैज मारली, की त्याच्या निम्म्याने तरी बरे पुस्तक आपण लिहू शकू. काही आठवड्यांतच ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ हातावेगळी झाली. काही प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर कॅसल कंपनीने घेतली. कंपनीच्या संपादकाने दोन पर्याय ठेवले : शंभर पौंड घेऊन हक्क विकून टाकायचे, किंवा पन्नास पौंड आगाऊ आणि पुढे दहा टक्के मानधन. हॅगर्ड रोख शंभर घ्यायला निघाला होता. संपादक क्षणभर खोलीबाहेर गेला, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या कारकुनाने मानधनाचा करार करा असा हळूच सल्ला दिला. हॅगर्डने तो मानला आणि त्याचा पुढचा संसार या सल्ल्यावर चालला. सप्टेंबर १८८५ मध्ये लंडनभर रातोरात जाहिराती लागल्या आणि पहिल्या वर्षात ३१,००० प्रती खपल्या.

कादंबरीतला निवेदक अ‍ॅलन क्वाटरमेन हा प्रौढ, अंगाने किरकोळ आणि आपण भित्रे आहोत असे सांगत फिरणारा शिकारी आहे. सर हेन्री कर्टिसच्या हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली ही टोळी वाळवंट आणि डोंगर ओलांडून कुकुआना देशात पोचते. नोकर म्हणून आलेला उम्बोपा तिथला खरा वारस निघतो. कॅप्टन गुडच्या कवळीने, अर्धवट दाढीने आणि उघड्या गोऱ्या पायांनी तिथले योद्धे थक्क होतात, हा प्रसंग आजही हसवतो. पहिल्या आवृत्तीत हॅगर्डने पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण घडवले होते. पंचांग चाळणाऱ्या कोणालाही हे खटकेल. नंतरच्या छपाईत त्याचे चंद्रग्रहण करण्यात आले. घाईने लिहायचे आणि दुरुस्तीच्या फंदात पडायचे नाही, हा त्याचा खाक्या होता. भाषा ठोकळेबाज, पण कथेचा वेग असा की वाचक खाली ठेवत नाही.

‘शी’ त्याने १८८६ च्या सुरुवातीला सुमारे सहा आठवड्यांत लिहिली; ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात ती क्रमशः आली. कोर या मृत नगरीत दोन हजार वर्षे जगलेली राणी आयेशा पूर्वजन्मीच्या प्रियकराची वाट पाहते आणि अमरत्व देणाऱ्या ज्वालेत दुसऱ्यांदा शिरताच जराजर्जर होऊन कोसळते. कथेला आधार असलेले प्राचीन खापर त्याच्या वहिनीने त्याच्यासाठी हुबेहूब बनवून दिले होते. मनोविश्लेषक फ्रॉइडने स्वप्नांवरील ग्रंथात या कादंबरीचा उल्लेख केला आणि मानसशास्त्रज्ञ युंगनेही आयेशाची दखल घेतली. १८८७ च्या ‘अ‍ॅलन क्वाटरमेन’मध्ये त्याने आपल्या नायकाला मारून टाकले; वाचकांची मागणी थांबेना, तेव्हा त्याच्या तरुणपणीच्या गोष्टी पुढे कित्येक वर्षे लिहिल्या.

कादंबऱ्यांची एकूण संख्या पन्नासच्या पुढे जाते आणि त्यांतल्या बऱ्याचशा आज कोणी उघडत नाही. अपवाद ‘नाडा द लिली’चा (१८९२). तिची मुख्य पात्रे झुलू आहेत आणि गोऱ्या नायकाची तिला गरज भासत नाही. तीत लांडग्यांच्या टोळीबरोबर धावणाऱ्या योद्ध्याचा एक प्रसंग आहे. मोगलीच्या गोष्टी आपल्याला त्यावरून सुचल्या, असे मुंबईत जन्मलेल्या रड्यर्ड किपलिंगने त्याला कळवले होते. दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. किपलिंगच्या घरी बसून ते एकत्र कथानके रचत. साम्राज्यावर दोघांचीही श्रद्धा होती. हॅगर्ड झुलूंचे शौर्य मनापासून रंगवतो. पण गोरा पुरुष आणि काळी स्त्री यांचे प्रेम जुळू लागले की तो तिला मरण देतो. ‘किंग सॉलोमन्स माइन्स’मधल्या फौलाटाचे असेच होते. हे दोन्ही ध्यानात ठेवूनच आज त्याला वाचावे लागते.

१८९१ मध्ये पतिपत्नी मेक्सिकोत असताना त्यांचा एकुलता मुलगा जॉक गोवराने गेला. हॅगर्ड खचला. आफ्रिकेवरून त्याचे लक्ष हळूहळू नॉर्फकमधील डिचिंगमच्या स्वतःच्या शेतीकडे वळले. १८९५ ची संसदीय निवडणूक तो थोडक्या मतांनी हरला. ‘अ फार्मर्स इयर’ (१८९९) ही त्याची शेतीची रोजनिशी. पुढे शहामृग-शेतीतला जुना भागीदार कॉक्रन याला बरोबर घेऊन तो गावोगाव हिंडला, शेतकरी-मजुरांना मजुरी, खंड आणि ओस पडणाऱ्या खेड्यांविषयी विचारले, आणि ‘रूरल इंग्लंड’ (१९०२) हा द्विखंडात्मक अहवालवजा ग्रंथ सिद्ध केला. १९०५ मध्ये सरकारने त्याला साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या शेतवसाहती पाहण्यासाठी अमेरिकेला पाठवले. समुद्राने होणारी किनाऱ्याची धूप आणि वनीकरण यांवरच्या शाही आयोगाचा तो सदस्य होता. हा विषय त्याला घरचाच होता; केसिंगलंडच्या आपल्या समुद्रकाठच्या घरापुढे मॅरम गवत लावून त्याने वाळू धरून ठेवण्याचा प्रयोग केला होता. १९१२ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब आणि १९१९ मध्ये केबीई हा सन्मान मिळाला.

चित्रपटांनी त्याला नव्या पिढ्यांपर्यंत नेले. १९३७ च्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’मध्ये उम्बोपाची भूमिका पॉल रोबसन या कृष्णवर्णीय गायक-नटाने केली, तर १९६५ च्या ‘शी’मध्ये उर्सुला अँड्रेस आयेशा झाली. इंडियाना जोन्स या चित्रपटनायकाच्या पूर्वजांत क्वाटरमेनची गणना होते. हॅगर्ड लंडनमध्ये वारला. त्याच्या अस्थी डिचिंगमच्या चर्चमध्ये आहेत. ‘द डेज ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र मृत्यूनंतर १९२६ मध्ये आले, आणि धाकटी मुलगी लिलियास हिने लिहिलेले चरित्र १९५१ मध्ये.