२०२४ वायआर४

२०२४ वायआर४ हा पृथ्वीच्या कक्षेला छेदणाऱ्या अपोलो गटातील एक लहान लघुग्रह आहे. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्के, म्हणजे साधारणपणे बत्तीसात एक, इतकी वर्तवण्यात आली होती. या आकाराच्या लघुग्रहासाठी नोंदली गेलेली ही तोवरची सर्वाधिक शक्यता होय. संभाव्य आघाताच्या पट्ट्यात मुंबईचा समावेश असल्याने महाराष्ट्रात या लघुग्रहाविषयी कुतूहल आणि काही प्रमाणात भीती निर्माण झाली. त्यानंतर आठवड्याभरातच नव्या निरीक्षणांवरून हा धोका जवळजवळ शून्य असल्याचे स्पष्ट झाले.

शोध आणि स्वरूप

चिलीमधील रिओ उर्तादो येथील ॲटलास दुर्बिणीने २७ डिसेंबर २०२४ रोजी या लघुग्रहाचा शोध लावला. त्याच्या दोनच दिवस आधी, २५ डिसेंबरला, तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख ३० हजार किलोमीटर अंतरावरून निघून गेला होता. सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा तो साधारण चार वर्षांत पूर्ण करतो. प्रारंभी त्याचा व्यास ४० ते ९० मीटर मानला जात होता. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांनंतर तो सुमारे ६० मीटर ठरला.

शक्यतेतील चढउतार

जानेवारी २०२५ च्या अखेरीस आघाताची शक्यता एक टक्क्याच्या पुढे गेली आणि आंतरराष्ट्रीय लघुग्रह सूचना जाळ्याने अधिकृत सूचना प्रसृत केली. धोका दर्शवणाऱ्या शून्य ते दहा अंकांच्या तोरिनो मापनश्रेणीवर लघुग्रहाला तिसरा अंक देण्यात आला. २००४ मध्ये अपोफिस या लघुग्रहाने काही काळ चौथा अंक गाठला होता. त्यानंतर इतका वरचा अंक मिळवणारा हा पहिलाच लघुग्रह होता. १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोहोचलेली शक्यता दुसऱ्या दिवशी १.५ टक्क्यांवर आली आणि २४ फेब्रुवारीपर्यंत ०.००४ टक्क्यांपर्यंत घसरली. तोरिनो अंकही शून्य झाला.

शक्यता आधी वाढून मग एकदम कोसळणे हे अशा गणितात अपेक्षितच असते. एखादा पाहुणा शंभर घरांच्या गल्लीत कोणाकडे तरी येणार आहे एवढेच ठाऊक असेल, तर तो आपल्या घरी येण्याची शक्यता शंभरात एक असते. त्याचे घर पहिल्या वीसांत आहे असे कळले आणि आपले घरही त्या वीसांत असले, तर शक्यता वीसात एक होते. पाहुण्याचा बेत मात्र बदललेला नसतो. पुढे घराचा नेमका क्रमांक कळला की बहुतेक वेळा आपली शक्यता शून्यावर येते. लघुग्रहाच्या कक्षेतील अनिश्चितता कमी होत असताना पृथ्वीबाबत हेच घडते.

आघातपट्टा आणि मुंबई

संभाव्य आघातस्थाने पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक महासागर, आफ्रिका आणि अरबी समुद्र यांवरून दक्षिण आशियापर्यंत पसरलेल्या अरुंद पट्ट्यात येत होती. बोगोटा, लागोस, मुंबई, कोलकाता आणि ढाका या शहरांची नावे त्यामुळे जगभरच्या बातम्यांत झळकली. पट्ट्याचा मोठा भाग समुद्रावर होता.

६० मीटर व्यासाचा लघुग्रह बहुधा वातावरणातच स्फोट पावतो, तरीही एका शहराची मोठी हानी होऊ शकते. १९०८ मध्ये सायबेरियातील तुंगुस्का येथे अशाच स्फोटाने सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरवरील जंगल आडवे झाले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटर व्यासाची वस्तू फुटली, तेव्हा सुमारे पंधराशे लोक जखमी झाले. तेजस्वी प्रकाश पाहण्यासाठी अनेक जण खिडक्यांशी आले आणि काही वेळाने पोहोचलेल्या धक्कालाटेने काचा त्यांच्या अंगावर फुटल्या. घोडपदेव, लालबाग, परळ यांसारख्या, जुन्या चाळी आणि काचेच्या दर्शनी भागांचे उंच मनोरे शेजारीशेजारी असलेल्या दाट वस्तीत हा धडा विशेष महत्त्वाचा आहे: आकाशात असाधारण लखलखाट दिसल्यास खिडकीपासून दूर व्हावे.

लोकप्रतिक्रिया

या काळात दोन गैरसमज होण्याजोगे होते. पहिला म्हणजे ३.१ टक्के ही मुंबईवरील आघाताची शक्यता आहे असे मानणे. वस्तुतः ती संपूर्ण पृथ्वीसाठी होती आणि एकट्या मुंबईचा वाटा त्याहून कितीतरी कमी होता. दुसरा म्हणजे आकडा वाढतो आहे, अर्थी लघुग्रह जवळ येत आहे, अशी समजूत. प्रत्यक्षात त्या आठवड्यांत तो पृथ्वीपासून दूर जात होता.

आकाशातून काही कोसळण्याची भीती महाराष्ट्राला नवी नाही. १९७९ मध्ये स्कायलॅब हे अवकाशस्थानक कोसळण्याच्या वार्तेने देशभर घबराट पसरली होती. त्याचे अवशेष अखेर हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भासह अनेक भागांत आकाशात जळत्या रेषा दिसल्या. प्रथम त्या उल्का असाव्यात असे अनेकांना वाटले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे सापडल्यावर ते अग्निबाणाचे अवशेष असल्याचे उघड झाले.

खऱ्या अशनींचाही राज्याला अनुभव आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भरदिवसा अशनींचा वर्षाव झाला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सुमारे तीस तुकडे गोळा केले. बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार विवर तर आघाताचेच चिन्ह आहे. लोककथेने त्याचा संबंध लवणासुराच्या वधाशी जोडला आहे.

संरक्षणाचे उपाय

धोकादायक लघुग्रह वेळीच सापडल्यास त्याचा मार्ग बदलणे शक्य आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डायमॉर्फस या लघुग्रहाच्या उपग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटला. २०२४ वायआर४ मात्र पृथ्वीजवळून गेल्यावरच दृष्टीस पडला. त्यामुळे अशा उपायांची उपयुक्तता लघुग्रह किती आधी सापडतो यावर अवलंबून राहते. हा लघुग्रह डिसेंबर २०२८ मध्ये पुन्हा पृथ्वीच्या परिसरातून जाईल. तेव्हा त्याची कक्षा अधिक अचूकपणे ठरवता येईल.