जुन्या मोटारीचें मुख

वर्ध्याहून नागपुराकडे निघालेला रस्ता पवनार आणि सेलू हीं गांवें मागें टाकून केळझरला येतो. येथील टेकडीवरच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनास लोक दुरून येतात. महाभारतांतील एकचक्रा नगरी ती हीच, आणि बकासुरासाठीं अन्नाचा गाडा घेऊन भीम निघाला तो येथूनच, अशी या भागांतील परंपरा आहे. खानदेशांतील एरंडोलही तोच मान सांगतें. तो वाद पंडितांनीं सोडवावा. गाड्याची आणि चाकाची आठवण नांवांतच बाळगणाऱ्या या गांवापासून वाहनांच्या इतिहासाची एक लहानशी गोष्ट सुरू करण्यास हरकत नसावी.

या मुलुखाची माती काळी. पावसाळ्यांत बैलगाड्यांचीं चाकें तींत रुततात आणि पावसाळा सरला कीं दोन खोल चर वाळून राहतात. त्यांनाच आपण चाकोरी म्हणतों. विसाव्या शतकाच्या आरंभीं खेड्यापाड्यांच्या वाटेनें मोटार येऊं लागली, तेव्हां तिलाही याच चाकोरींतून जावें लागलें. खड्ड्याची पहिली गांठ पुढच्या चाकांशीं, आणि दिशा बदलण्याचें कामही त्यांच्याच माथीं. म्हणून मोटार जुनी झाली कीं सर्वांत आधीं थकतो तो तिचा पुढचा भाग.

जगांत फार मोठ्या प्रमाणावर पसरलेली पहिली मोटार म्हणजे फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’. इ. स. १९०८ पासून १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. तिच्या पुढच्या आंसावर दोन बाजूंस दोन पाटे नसून एकच आडवा पाटा असे. त्यामुळें एक चाक चरांत आणि दुसरें उंचवट्यावर असलें तरी गाडी तोल सांभाळून निघून जाई. तिचें मुख पाहून तिचें वयही सांगतां येतें. १९१६ च्या गाड्यांपर्यंत रेडिएटर लखलखीत पितळेचा होता. पुढच्या वर्षापासून त्यावर काळा रंगविलेला पोलादी पत्रा आला. आरंभींचे दिवे कार्बाइड आणि पाणी यांपासून निघणाऱ्या वायूवर जळत. १९१५ च्या सुमारास विजेचे दिवे आले खरे, पण त्यांना वीज मिळे ती इंजिनाच्या फिरण्यांतून. इंजिन मंदावलें कीं दिवाही मंदावे! वाट बिकट म्हणून चालकानें वेग कमी करावा, आणि नेमका त्याच वेळीं उजेड जावा, अशी ती व्यवस्था होती.

अशी एखादी गाडी पडवींत धूळ खात पडलेली आढळली कीं नव्या मालकाला पहिला मोह होतो तो रंगाचा आणि चकाकीचा. हा क्रम उलटा आहे. आधीं पुढचा आंस जॅकवर उचलावा, चाक वर आणि खालीं अशा दोन ठिकाणीं धरून आंत-बाहेर हलवून पाहावें. हललें तर प्रथम बेअरिंग नीट बसवावें. तरीही हलत राहिलें, तर ज्या पिनेभोंवतीं चाक वळतें ती किंगपिन आणि तिचे बुश झिजले, असें समजावें. नवे बुश नुसते ठोकून बसविल्यानें भागत नाहीं. वरचा आणि खालचा एका सरळ रेषेंत येतील असे ते आंतून कातावे लागतात. आंस वांकला असेल तर जाणता कारागीर त्याला भट्टींत तापवीत नाहीं, थंडच सरळ करतो. कारण उष्णतेनें पोलादाचा मूळचा कणखरपणा जातो. हीं कामें प्रदर्शनांत कोणाला दिसत नाहींत. पण उतारावर गाडींत बसलेल्या माणसांचे प्राण त्यांवरच अवलंबून असतात.

मग पत्र्याकडे वळावें. मडगार्डाचा पोंचा आंतून ऐरणीचा आधार देऊन बाहेरून हातोडीनें काढावा. उरलेली खोलगट जागा पूर्वीं शिसें आणि कथील यांच्या डाकेनें भरीत. हल्लीं लांबी थापली जाते; ती स्वस्त पडते, आणि जाड थापली तर हादऱ्यांनीं तडकते. चकाकीविषयींही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोटारींवर क्रोमचा मुलामा आला तो १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत. त्यापूर्वींच्या गाड्यांवर निकेल असे आणि त्याची झळाळी किंचित् पिंवळसर, उबदार दिसे. १९२० सालच्या दिव्यांना निळसर क्रोम चढविणें म्हणजे पेशव्यांच्या चित्रांत मनगटावर घड्याळ काढण्यासारखें आहे.

मोटारीच्या मुखाचा सर्वांत विलक्षण कायापालट मात्र याच वर्धा जिल्ह्यांत झाला. १९३६ सालीं गांधीजी सेगांवीं राहावयास गेले; पुढें हेंच गांव सेवाग्राम झालें. वर्ध्याहून तेथवरची वाट त्या वेळीं कच्ची होती. सेठ जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जोडण्यांत आले, अशी हकीकत वर्धेकडे प्रसिद्ध आहे. इंजिनाचें काम बैलांकडे गेलें, आणि लोकांनीं तिचें नांव ठेवलें ‘ऑक्सफर्ड’. ऑक्स म्हणजे बैल आणि फोर्ड ती गाडी! विलायतेच्या विद्यापीठाला इतका मातीचा अर्थ क्वचितच कोणी दिला असेल. त्याच दशकांत कानडांतील मंदीनें गांजलेल्या शेतकऱ्यांनींही पेट्रोल परवडेना म्हणून इंजिनें काढून मोटारींना घोडे जुंपले, आणि पंतप्रधान बेनेट यांच्या नांवावरून त्यांना ‘बेनेट बग्गी’ म्हटलें. तिकडे तो निरुपायांतून आलेला उपहास होता. इकडे त्यांत थट्टेबरोबर कौतुकही होतें.

इ. स. २०२१ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटलेली आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘विंटेज’ ठरते, आणि तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. नियम योग्यच आहे. त्याच्या धाकानें तरी पुष्कळ गाड्यांचें मूळ रूप वांचेल. परंतु बैल जुंपलेली ती फोर्ड त्यांत बसणार नाहीं. अशी गाडी उद्यां एखाद्या कारागिरापुढें आली, तर तो जुना रेडिएटर शोधून तिचें मुख कारखान्यांतल्यासारखें करील, कीं दांडी आणि जूं राखून ठेवील? कारखान्यांतल्यासारख्या फोर्ड गाड्या जगांत अजून हजारोंनीं आहेत.