पूजेचे वस्त्र : रेशीम की सूत?

पूजा-विधानासाठी सुतापेक्षा रेशीम अधिक पवित्र, अशी समजूत आजही अनेक श्रावकांच्या घरी आढळते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

मराठवाड्याची जुनी ओळख सुताची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, या पेठांचा उल्लेख येतो. तगरचे साधे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या प्रदेशांतून भडोच बंदरी नेली जाई. ही सारी किमया काळ्या मातीतील कापसाची. कुरुंद्याचे शिवार त्याच मातीचे. पुढे नांदेड-परभणीकडील गावरानी कापूस तलम सुतासाठी नावाजला गेला. आपल्या भागातील सैतवाळ जैनांची कित्येक घराणी कापड व शिवणकाम यांवरच उभी राहिली.

रेशीम येथे परमुलखातून आले. पैठणीसाठी लागणारे तुतीचे रेशीम बाहेरून आणावे लागे. औरंगाबादेस हिमरू व मशरू विणले जात. मशरूची विणकर मोठी चतुर! मुस्लिम पुरुषास अंगाला रेशीम लागणे वर्ज्य. म्हणून बाहेर रेशमाची झळाळी आणि आत, अंगाकडे, सूत. ‘मशरू’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘धर्मसंमत’.

जैनांचा प्रश्न त्वचेच्या स्पर्शाने सुटणारा नाही. तो जिवाचा आहे. अखंड धागा मिळावा म्हणून कोशातील जीव उष्णतेने मारतात. पतंग बाहेर पडला तर कोश फुटतो व धागा तुटतो. एक किलो कच्च्या रेशमासाठी सुमारे पाच हजार कोश लागतात. हा हिशेब कापडाच्या गाठीवर लिहिलेला नसतो, एवढेच.

पूर्वाचार्यांनी वस्त्राचा विचार बारकाईने केला होता. दिगंबर मुनींनी तर वस्त्रच त्यागिले. श्वेतांबर आगमांतील आचारांगसूत्रात साधूंच्या वस्त्रांविषयी ‘वस्त्रैषणा’ हे स्वतंत्र अध्ययन आहे. त्यात साधूने घेऊ नयेत अशा बहुमोल वस्त्रांच्या यादीत रेशमाची गणना होते. नियम साधूंचा असला, तरी श्रावकाने त्याच वस्त्राला पावित्र्याचा मान द्यावा, हे चमत्कारिकच.

१९९०च्या दशकात हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशांपासून धागा काढून ‘अहिंसा रेशीम’ बाजारात आणले. ते महाग पडते. झळाळीही काहीशी कमी असते. शिवाय मागणी नसल्याने लहान गावातील दुकानदार ते सहसा ठेवत नाही. उलट, आता रेशीम परके राहिलेले नाही. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली आणि २०१८ मध्ये जालन्यास कोशांची बाजारपेठही सुरू झाली.

सुताची वाट मात्र बंद झालेली नाही. उदगीरला विणलेल्या खादीपासून नांदेड येथे राष्ट्रध्वज तयार होतो. कुरुंद्याहून नांदेड फार दूर नाही. पूजेचे धोतर-दुपट्टे त्याच खादीचे मागवावयाचे ठरविले, तर एका पर्युषणापुरती मागणी गावातल्या गावात गोळा होईल.